शेगडी वाढवा

आबा, बंगल्याचं धुराडं काल मोकळं केलं. दसरा होऊन गेला, पाऊस अजून संध्याकाळी एखादी सर टाकून जातो, पण पहाटे लोहगडाच्या अंगानं गार वारा उतरायला लागलाय आणि दिवाळीपासून पाहुण्यांची बुकिंगं आहेत. काम तुमच्याच रीतीनं होतं. पावसाच्या तोंडावर धुराड्यात गोणपाट कोंबायचं, त्यावर प्लास्टिक, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर दगड. पाऊस सरला की हे सगळं उलट्या क्रमानं काढायचं. एक माणूस छपरावर आणि एक खाली. वरून दोराला दगड बांधून सोडायचा, दगडाच्या वर शिंदीच्या फडांचा जुडगा, आणि विहिरीत पोहरा सोडून ओढावा तसं खालीवर करत राहायचं. काजळी पडते, पाकोळ्यांची घरटी पडतात, काल एक वाळून कोळ झालेलं पिल्लूही पडलं. नवरा म्हणतो, पुण्याहून मशीनवाले बोलाव, तासाभरात करून देतात. मी म्हटलं, बोलाव की, पण मशीन काय धुराड्यात डोकं घालून वास घेणार आहे का? तुम्ही घ्यायचात. मीही घेते. मग कारवीच्या काटक्या पेटवल्या. धूर आधी हॉलमध्ये जरा घुटमळला आणि मग सरळ वर गेला. तो वर जाईपर्यंत मी श्वास धरून असते आणि गेला की माझा जीव भांड्यात पडतो, दरवर्षी.

हे सगळं चाललेलं असतानाच काल एक बाई फाटकातून आत आली, आणि म्हणून आज हे लिहायला बसले आहे. तिचं सांगतेच. पण आधी हे सांगते की मी इथं काय करते आहे, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही आणि ठाऊक असतं तर आवडलं नसतं. आपल्या घरातल्या कुणी पुन्हा त्या फाटकातून आत जायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. तुम्ही होतात तोवर मी ते पाळलं. तुम्ही गेलात, मग आई गेली, बंगला विकला गेला, नव्या मालकांना देखभालीला माणूस हवा होता. आपल्या औंढ्यातल्या दोघातिघांनी नको म्हटलं. मी हट्टानं हो म्हटलं. ज्या घरातून तुम्हाला खाली मान घालून जावं लागलं, त्या घराच्या किल्ल्या तुमच्या लेकीच्या कमरेला असाव्यात, एवढाच माझा हिशेब होता. आता मळवलीतले आणखी दोन बंगले माझ्याकडे आहेत. पाहुणे येतात, धुराड्याला फायरप्लेस म्हणतात, त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. गेल्या वर्षी काही मंडळींनी होळी पेटवावी तसा जाळ केला आणि मग उकडायला लागलं म्हणून त्याच खोलीतला एसी लावला. तुम्ही हसला असता. तुमचं ते हसू, आवाज न करता खांदे हलवण्याचं, माझ्या नवऱ्याला मी करून दाखवते, पण ते काही जमत नाही.

आपल्या घरात काही म्हणजे काही विझत नव्हतं. दिवा शांत व्हायचा, चूल झाकली जायची आणि विस्तव वाढवला जायचा. कुणा पोराच्या तोंडून चुकून ‘इझव’ निघालं की तुम्ही हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघायचात. ‘इझवायचं मसणात. घरात वाढवायचं,’ एवढंच म्हणायचात, पण असं म्हणायचात की पोराच्या जिभेला तो शब्द पुन्हा शिवायचा नाही. मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नारळ कुठे आपण फोडतो, नारळ वाढवतो. बांगडी फुटली तरी वाढलीच म्हणतो. मी लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात पॅकिंगला जायचे तेव्हा मालक संध्याकाळी शेवटच्या लोकलचं गिऱ्हाईक गेलं की म्हणायचे, चला, दुकान वाढवा. आणि भाकरी वाढायची ती निराळीच. एकाच शब्दात आपली माणसं देतातही आणि संपवतातही, आणि कुणाचं काही अडत नाही, कारण बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही कशाबद्दल बोलणं चाललंय ते दिसत असतं. जाळ मोठा करायचा असला की तुम्ही ‘वाढव’ म्हणत नव्हता. ‘लाकूड सार,’ म्हणायचात, नाहीतर ‘जाळ कर.’ हे मी शपथेवर सांगायला तयार होते. पुढं कितीतरी वर्षं ज्याला-त्याला सांगत फिरलेही.

तुमच्या दोन बोल्या होत्या. फाटकाच्या बाहेर एक आणि आत एक. बाहेर तुम्ही ‘न्हाई’ म्हणायचात, आत ‘नाही’. बाहेर ‘कुटं’, आत ‘कुठे’. बंगल्याच्या साहेबांशी बोलताना तुम्ही शब्द जपून, ताटातले खडे वेचावेत तसे काढायचात आणि एखादा चुकला की कान लाल व्हायचे. मला त्याचा राग यायचा. एकदा मी म्हटलंही होतं, आबा, तुमी तितं गेल्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी बोलता. तुम्ही म्हणालात, ‘त्येंच्या घरात त्येंचं बोलावं. पाहुण्यागत ऱ्हावं.’ वीसएक वर्षं राबत होतात तिथं, माळी तुम्ही, राखणदार तुम्ही, बंब तापवणारे तुम्ही, आणि राहायचं मात्र पाहुण्यागत.

त्या वर्षी साहेबांच्या आई, सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत, दिवाळीनंतर हवापालटाला म्हणून बंगल्यात येऊन राहिल्या. सोबत नर्सिंग ब्यूरोकडून आलेली एक मुलगी, साधारण माझ्याच वयाची, भुसावळकडची, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली. बाईंना वरची खोली हवी होती, तिथून डोंगर दिसतो म्हणून. खालच्या हॉलला धुराडं होतं, वरच्या खोलीला काही नव्हतं. म्हणून शेगडी. ती तुम्ही कशी तयार करायचात ते मी पाहिलं आहे. कोळसे मागच्या अंगणात पेटवायचे, धूर पूर्ण सरेपर्यंत, वर राखेची पांढरी साय धरेपर्यंत ती वर न्यायची नाही. खिडकीची एक फळी उघडी ठेवायची. आणि बाईंचं जेवण झालं, अंथरूण घातलं की तुम्ही स्वतः वर जाऊन शेगडी उचलून खाली आणायचात आणि अंगणात वाढवायचात. हे रोजचं होतं. मुलीनं शेगडीला हात लावायचा प्रश्नच नव्हता.

मग भाताची झोडणी आली. त्या दिवशी तुम्ही दिवस मावळायच्या आत सायकल काढून औंढ्याला आलात, कारण खळ्यावर भात पडलं होतं आणि राखायला माणूस नव्हतं. निघताना तुम्ही त्या मुलीला शेगडीचं सांगून आलात. एवढं एकच वाक्य. मी खळ्यावरच होते, तुम्ही आलात तेव्हा तुमचा चेहरा रोजच्यासारखाच होता. आपण भाकरी खाल्ली. थंडी चांगलीच पडली होती. सकाळी आपण पेंढा रचत असताना मळवलीचा एक जण मोटारसायकलवर आला आणि बांधावरूनच म्हणाला, ‘भाऊ, चला. म्हातारी गेली.’

बाई गेल्या होत्या. मुलगी दाराशी पडलेली सापडली, पण दाराखालच्या फटीतून तिला थोडी हवा मिळाली असावी, ती वाचली. खिडकी बंद होती. ती बाईंनीच बंद करवून घेतली होती. शेगडी काठोकाठ भरलेली होती, कोळसे जळून राख झालेले. डॉक्टरांनी सांगितलं, कोळशाचा वायू, त्याला वास नसतो, माणसाला झोपेतच नेतो. पंचनाम्याला तुम्ही व्हरांड्यात उभे होतात आणि मी पायरीखाली. मुलीला आधार देऊन खुर्चीवर बसवलं होतं, ती थरथरत होती, ओकत होती, आणि एकच गोष्ट परत परत सांगत होती की काकांनी शेगडी वाढवायला सांगितली होती, म्हणून मी कोळसे घातले. साहेब तुमच्याकडे वळले. मुंबईहून गाडी हाकत आले होते, डोळे सुजलेले. त्यांनी ओरडून नाही, अगदी हळू विचारलं, की तुम्ही हिला शेगडी वाढवायला सांगितलं होतंत का?

‘व्हय,’ तुम्ही म्हणालात.

फाटकाच्या आत तुमच्या तोंडून ‘व्हय’ आलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढं काही बोलाल म्हणून मी वाट पाहत होते. सगळेच पाहत होते, पोलीसही लिहायचे थांबले होते. तुम्ही चपलांकडे बघत उभे राहिलात. मी पायरीखालून ओरडणार होते की अहो, आमच्यात वाढवा म्हणजे ते नव्हे, पण माझं तोंड उघडलंच नाही, कारण तुम्ही माझ्याकडे न बघता नुसता हात आडवा केलात. अपघात म्हणून नोंद झाली, खटलाबिटला काही झाला नाही. साहेब तुम्हाला एक शब्दही वेडावाकडा बोलले नाहीत. फक्त म्हणाले, आता तुम्ही येऊ नका. तुम्ही सायकल हातात धरून, न बसता, औंढ्यापर्यंत चालत आलात. मी मागं चालत होते.

घरी आल्यावर मात्र मी सोडलं नाही. मी म्हटलं, आबा, तुमी बोलला का न्हाई? तुमी तिला इझवायला सांगितलंतं. आयुष्यात पहिल्यांदा मी तो शब्द घरात उच्चारला आणि आईनं तोंडाला पदर लावला. मी थांबले नाही. मी म्हटलं, तिला आपली बोली कळली न्हाई, यात तुमचा काय गुन्हा? तुम्ही पाण्याचा तांब्या खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘पोरीनं जे ऐकलं त्येच मी बोललो. आता त्यात बदल न्हाई.’ त्यानंतर तुम्ही त्या विषयावर कधीही, कुणाशीही बोलला नाहीत. मी त्या वाक्याचा अर्थ लावला तो असा: त्या पोरीला आयुष्यभर हे ओझं नको, म्हणून तुम्ही ते आपल्या डोक्यावर घेतलंत. तिचा ऐकण्याचा दोष झाकायला स्वतःच्या सांगण्याचा दोष पत्करलात. मला तुमचा राग आला आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम वाटण्यानं मी अगदी चिडकी झाले. अजून आहे, नवऱ्याला विचारा.

गावानं काय म्हणायचं ते म्हटलं. बंगल्यातली म्हातारी कोंडून मारली, इथपासून ते बाईंच्या अंगावरच्या सोन्यापर्यंत. आपल्या माणसांना एकदा विषय मिळाला की कावळ्यांना सुकाळ. तुम्ही पारावर जायचं सोडलंत, मग देवळात जायचं सोडलंत. त्यानंतर ज्या थोड्या थंड्या तुम्ही पाहिल्यात, त्यात एकदाही विस्तवाजवळ बसला नाहीत. आम्ही अंगणात शेकोटी केली की तुम्ही उठून गोठ्यात जायचात. शेवटच्या थंडीत तुमच्या छातीत कफ भरला होता, नखं निळी पडली होती, आईनं शेगडी पेटवून आणली तर तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. ‘ने ती,’ म्हणालात. आईनं ती परत नेली. मी तुमच्या पायाला माझी चादर गुंडाळली आणि तळवे चोळत बसले, पण तुमचे पाय काही गरम झाले नाहीत, आधीही नाहीत आणि नंतर तर नाहीतच. मला ते कधीही विसरता आलं नाही. माणूस थंडीनं जाऊ नये, आबा. म्हातारपणानं जावं, आजारानं जावं, पण घरात कोळसा असताना थंडीनं जाऊ नये.

तुमच्यामागे मी हा शब्द घेऊन हिंडले. लग्नात, बारशात, एसटीच्या रांगेत, जिथं म्हणून तुमचं नाव निघेल तिथं मी लोकांना थांबवून सांगायचे, की बाबांनो, आमच्या घरात वाढवा म्हणजे काय ते आधी समजून घ्या. हळूहळू लोकांना पटलं. औंढ्यात आज कुणाला विचाराल तर तो हेच सांगेल, की म्हातारबांनी बरोबरच सांगितलं होतं, त्या शहरातल्या पोरीनं घोळ केला. हे मी घडवलं. थकवा यावा एवढं बोलून घडवलं. बंगल्यात वरच्या खोलीच्या भिंतीला दोन्ही बाजूंनी भोकं पाडून जाळ्या बसवून घेतल्या, मालकांच्या मागं लागून शेगड्या भंगारात घातल्या. त्या मुलीचं पुढं काय झालं हे मला माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी चौकशीही केली नाही. माझ्या गोष्टीत ती घोळ करणारी होती. तिला तेवढीच जागा होती.

ती काल आली. मी धुराड्याखाली गोणपाट धरून बसलेली, कोपरापर्यंत काळी. एक जाडसर, चष्म्याची बाई हॉलच्या दारात उभी राहिली आणि तिची नजर माझ्याकडे न येता जिन्याकडे गेली. म्हणाली, मी मोठ्या बाईंकडे होते, ती. घरची मंडळी एकवीरेला आली होती, त्यांना कार्ल्याला सोडून ती रिक्षा करून इकडे आली होती. इतकी वर्षं तिला काय-काय सुनवायचं हे मी मनात घोकून ठेवलं होतं. प्रत्यक्षात मी हात पुसले, तिला व्हरांड्यात खुर्ची दिली आणि चहा टाकला. तुमचीच शिकवण. तुम्ही आता नाहीत हे कळल्यावर तिनं हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही.

तिनं सगळं नीट सांगितलं. तिचं लग्न जुन्नरकडच्या खेड्यात झालं. नर्सिंगचं काम तिनं त्या सकाळनंतर सोडलं ते सोडलंच. सासरी सगळं बरं आहे. पण यंदा आषाढात घरात कार्य होतं, चुलीवर स्वयंपाक होता, आणि नवऱ्याची म्हातारी आत्या तिला म्हणाली, झालं सगळं, चूल वाढव आता. तिनं लाकूड सारलं. आत्या हसायला लागली, तिनं लाकडं बाहेर ओढली, पाणी शिंपडलं आणि म्हणाली, अगं येडे, वाढव म्हणजे हे. सगळ्या बाया हसल्या. ‘मला हसता येईना,’ ती म्हणाली. ‘तेव्हापासून मला झोप नाही. एकच विचारायला आले आहे. तुमच्या घरात शेगडी वाढवा म्हणजे काय?’

आबा, माझं उत्तर जिभेच्या टोकावर होतं. अख्ख्या मावळाला ऐकवून झालेलं उत्तर, आणि ज्या एका माणसाला ते ऐकवायचं होतं ती समोर बसली होती. पण मला ते चवीनं द्यायचं होतं. तिच्याच तोंडून तुमचं वाक्य यावं आणि मग मी त्याचा अर्थ तिच्यापुढं ठेवावा, असं मला वाटलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं, आधी आबा नेमकं काय म्हणाले ते सांगा, जसंच्या तसं.

तिनं डोळे मिटले. म्हणाली, त्या संध्याकाळी बाई त्यांच्यावर चिडल्या होत्या. रोज नुसती राख आणून ठेवतोस, माझे पाय बर्फ झालेत, असं लागेल असं बोलल्या. काका खाली मान घालून बाहेर आले. दोन पायऱ्या उतरले, मग थांबले, मागं वळून मला म्हणाले, ‘सिस्टर, झोपताना शेगडी वाढवा, बरं का.’

बाई चिडल्या होत्या हे मला माहीत नव्हतं. तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पण मी अडकले ते तिथं नाही. मी विचारलं, झोपताना म्हणाले, का निजताना?

तिनं डोळे उघडले. ‘झोपताना. निजताना कशाला म्हणतील?’

माझ्या कानात ते वाक्य इतकी वर्षं ‘निजताना’ असंच होतं. मी ते तसंच लोकांना सांगत आले. तुम्ही निजायचात, आई निजायची, आपल्या घरात कुणी कधी झोपलं नाही. झोपायची ती बंगल्यातली माणसं. म्हणजे तुम्ही त्यांचं बोलत होतात, आबा. त्यांच्या घरात त्यांचं. आणि त्यांच्या बोलण्यात चहात साखर वाढवतात, पंखा वाढवतात, शेगडी वाढवतात, आणि त्याचा अर्थ एकच होतो. मी चहाचा कप हातात धरून बसले होते आणि मला खळ्यावरची ती संध्याकाळ दिसत होती. तुम्ही शेकोटीवर हात धरले होते, हात उलटे केलेत, पुन्हा सुलटे केलेत, आणि मला म्हणालात, ‘म्हाताऱ्या माणसाला लय ऊब लागती गं.’ मी तेव्हा हूं म्हटलं आणि भाकरी मोडली. कदाचित तुम्ही अर्धं वाक्य त्यांच्या बोलीत काढलंत आणि मग जीभ आपल्या वळणावर गेली, असंही झालं असेल. तुमचं व्हायचं तसं, म्हणून तर कान लाल व्हायचे. मी तोही अर्थ लावून पाहिला. दोन्ही अर्थ बसतात. ‘पोरीनं जे ऐकलं त्येच मी बोललो.’ मी त्यात तुमचं मोठं मन पाहिलं. ते नुसतं खरं असू शकतं, हे मला कधी सुचलंच नाही.

ती वाट पाहत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

मी म्हटलं, ‘आमच्याकडे वाढवा म्हणजे वाढवाच. तुम्ही बरोबर ऐकलंत.’

तिनं माझा हात धरला आणि रडली. बराच वेळ रडली. तिच्या साडीला काजळी लागली ते तिला सांगावं की नाही हे मला कळेना. मग डोळे पुसून तिनं विचारलं, मग काकांनी असं का सांगितलं असेल हो, त्यांना तर सगळं माहीत होतं? मी म्हटलं, बाईंना थंडी वाजत होती. ती मान हलवत राहिली. जाताना म्हणाली, चांगला माणूस होता. रिक्षा वळेपर्यंत मी फाटकात उभी होते. मग आत येऊन उरलेली काजळी भरली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, तू आबांचीच लेक. त्याला वाटलं, त्या बाईला सोडवायला मी तुमचा शब्द गिळला. मी त्याला तसं वाटू दिलं. खरं म्हणजे मी तिला खोटं सांगितलं असं मला वाटत नाही, आणि खरं सांगितलं असंही म्हणवत नाही. गावात आता मी काय सांगायचं तेही मला कळत नाही. उद्या कुणी तुमचं नाव काढलं तर मी बहुतेक तेच जुनं सांगेन, कारण ते मला पाठ आहे. तुम्ही कोणत्याही अर्थानं म्हणाला असलात तरी तुम्ही थंडीत भिंतीकडे तोंड करून गेलात, आणि पायाला चादर गुंडाळणारी मीच होते.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि ते बरंच आहे. तुम्ही उत्तर पाठवाल अशी मी किती वर्षं मनात वाट पाहिली. आज ते दारात येऊन पडलं, तर मी ते उघडणार नाही.